पागोळ्यांचं पाणी

“बाई गं, बाहेर आभाळ फाटलंय आणि इथं न्हाणीत अर्धीच बादली! वर नळ असा आवळून ठेवलाय की माझ्या हातानं सुटेना. मला डोक्यावरून न्हायचं होतं हो. केसांचा नुसता सुंभ झालाय.”

“हळू बोल. पलीकडं मामी आहेत.”

“हळूच बोलतेय. भिंतच चहाडखोर आहे, त्याला मी काय करू?”

भिंत खरोखरच चहाडखोर होती. बांबूच्या तट्ट्याची, वरून मातीचा हात फिरवलेली. तिच्यातून नजर तेवढी जात नव्हती. बाकी चहाचा वास, काडेपेटीचा आवाज, कुशीवर वळल्याची कुरकुर, सगळं सुखरूप पलीकडे पोहोचत होतं. अलीकडच्या खोलीत रतनबाई नातीची, दिशाची, वेणी घालत बसली होती आणि दिशा खिडकीतले थेंब तोंडातल्या तोंडात मोजण्यात गुंग होती. पंकजाचं बोलणं ऐकून तिला आधी हसूच आलं. नळ तिनंच आवळला होता. टिपटिप गळत होता मेला. गळता नळ पाहिला की रतनबाईच्या दाढा दुखायला लागत.

शिवाय न्हाणीच्या दाराशी पाटीच होती, ‘पाणी डोंगराचं आहे, जपून वापरा.’ काल संध्याकाळी इथं पाऊल टाकल्या टाकल्या तिनं ती पाटी दिशाकडून मोठ्यानं वाचून घेतली होती. आणि पंकजा ऐकण्याच्या टप्प्यात आहे असं पाहून, “नीट आलं न्हाई, परत वाच,” असंही म्हणाली होती.

पण तेवढ्यात पलीकडून करणचा आवाज आला. “जाऊ दे गं. आता किती दिवस? उद्या त्या गावाला जाणारच आहेत.”

पलीकडं मग पाण्याचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही.

रतनबाईचा हात वेणीच्या पेडात अडकून राहिला.

“आज्जे, ओढू नको ना!” दिशा कळवळली.

“ओढलं व्हय? गुता झालाय लई,” रतनबाई म्हणाली आणि वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली. 

करण हा रतनबाईचा जावई. पंकजा ही करणची बायको, पण रतनबाईची लेक नव्हे. रतनबाईची लेक आरती. ती काविळीनं गेली तेव्हा दिशाला अजून ‘र’ म्हणता येत नव्हता. रतनबाई पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातून नगरला आली ती पिशवीत दोन लुगडी घालून, लेकीच्या तेराव्यापुरती. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, पण रतनबाईच्या तोंडात नगरच बसलेलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले, हिनंही पिशवी उचलली. तर दिशा हिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपलेली. मूठ काही सोडवेना. उद्या जाऊ, म्हणून रतनबाईनं पिशवी खाली ठेवली. त्या उद्याला आता पाच वर्षं झाली होती.

जावयाच्या घरी असं राहणं तिच्या रक्तात नव्हतं. तिची स्वतःची आई लेकीला भेटायला यायची तेव्हा पाण्याचा तांब्या घरून भरून आणायची. लेकीच्या दारचं पाणी प्यायचं नाही, असा नेम. तांब्या संपला की म्हातारी उठायची, मग लेक कितीही रडो. आणि त्या आईची ही मुलगी पाच वर्षं जावयाच्या घरचं पाणी पीत होती. म्हणूनच ती ते जपून प्यायची, जपून सांडायची. लोकांना वाटे, दुष्काळी मुलखातली बाई, टँकरमागं घागर घेऊन पळालेली, तिला सवयच तशी. सवय होतीच. पण आपण ज्या पाण्यावर हक्क सांगू शकत नाही ते निदान वाया तरी घालवू नये, ही आतली गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती.

पंकजाही तिनंच शोधलेली. “जावईबापू, तुमी मानूस हाय का खांब?” असं म्हणून वर्षभर ती करणच्या मागं लागली होती. शेवटी तो हो म्हणाला. पुणतांब्याचं स्थळ आलं. पंकजाचं आधीचं लग्न फिसकटलेलं होतं. का, ते रतनबाईनं विचारलं नाही. बघायला गेली तेव्हा पंकजा ओसरी धूत होती. गोदाकाठची पोर, बादल्याच्या बादल्या ओतत होती. रतनबाई मनात त्या बादल्या मोजत राहिली. पण दिशाला पाहून ही पोरगी उगीच लाडात आली नाही, गालगुच्चा घेतला नाही. “तुला पोह्यात कांदा चालतो का गं?” असं तिनं विचारलं, मोठ्या माणसाला विचारावं तसं. रतनबाईनं तिथंच मनाशी सुपारी फोडली. पाण्याचं पुढं बघू.

लग्न वैशाखात झालं. आषाढ लागला तसं रतनबाईला स्वयंपाकघरात आपले हात जास्त वाटायला लागले. पंकजा वाईट वागायची असं अजिबात नाही. फक्त ती रतनबाईला काही म्हणूनच हाक मारत नसे. सासू म्हणावी तर सासू नव्हे, आई म्हणावं तर कुणाची? “चहा ठेवलाय,” असं ती भिंतीला सांगायची आणि रतनबाई तो पिऊन घ्यायची. मग एक दिवस जेवताना रतनबाई म्हणाली, “आता मी गावाकडं जाईन म्हनते. घराला वाळवी लागली असंल.”

म्हणाली खरी, पण कान टवकारून बसली. कुणीतरी ‘कशाला?’ म्हणेल. करणनं ताटात पाहिलं. पंकजानं आमटी वाढली. आणि मोरीतला नळ टिपटिप गळत राहिला.

म्हणजे ठरलंच.

मग करणनं ही सहल काढली. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी होती. “मामी, पाच वर्षांत तुम्ही मंडईच्या पुढं गेला नाहीत. तुम्हाला एकदा अकोले तालुक्यातलं जंगल दाखवायचंय.” रतनबाई मनात म्हणाली, विसर्जनाच्या दिवशी गणपतीला मोदक जरा जास्तच वाढतात. 

पण तिला राग नव्हता, हे खरं सांगायला पाहिजे. लेक गेल्यावर त्या घराचा आणि तिचा धागा तुटलेलाच होता. तरी त्या घरानं तिला रोज ताट वाढलं, आजारपणात दवाखान्यात नेलं, दिवाळीला लुगडं आणलं आणि ते नेसल्यावर “छान दिसतंय मामी” असंही म्हटलं. कुणाचा जावई एवढं करतो? गावातल्या बायकांचे जावई धोंड्याच्या महिन्यात ताट, वाटी आणि अंगठी मोजून नेतात आणि वर्षभर तोंड दाखवत नाहीत. रतनबाईनं आपल्या वाट्याचं नीट पाहिलं होतं. ते उतू जाईल एवढं होतं. आता भांडं उचलून निघायचं, एवढंच.

भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालून रस्ता रतनवाडीकडं जातो. “बघा, गावपण तुमच्याच नावाचं निघालं,” करण गाडीत म्हणाला होता. त्या रस्त्याला, दाट झाडीत, पुष्पावती आणि तिचा नवरा मच्छिंद्र यांनी हे राहायचं ठिकाण काढलं होतं. पुढं भाताची खाचरं, मागं डोंगर, मध्ये बांबू-मातीच्या चार झोपड्या, वर गवताचं शाकार. फाटकावर ‘इको लॉज’. टीव्ही नाही, मोबाइलला रेंज नाही.

झोपडी पाहून रतनबाई पदर तोंडाला लावून हसली होती. तरुणपणी ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची तेव्हा कारखान्याच्या माळावर पाचटाच्या कोपीत संसार असायचा. “जावईबापू, ही तर कोपी! आमी निम्मं वरीस असल्यात काढायचो तर लोकं नाकं मुरडायची. आता तिची इको झाली व्हय?” करण इतका हसला की त्याला गाडीचं दार धरावं लागलं. पंकजाही हसली होती.

पण ते हसू टिकलं नाही. कपडे काढायला म्हणून दिशानं आजीची बॅग उघडली आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं बाहेर ओढलं. आत देवघरातले चांदीचे टाक.

“आज्जे! देवपण ट्रिपला आलेत?”

करण खिडकीतून बाहेर बघायला लागला. पंकजा चादरीची नसलेली सुरकुती काढायला लागली. रतनबाईनं आपले देव उचलून आणले, म्हणजे ती परत नगरच्या घरात पाऊल टाकणार नव्हती, हे दोघांनाही कळलं. ठरलंच होतं तसं: परतताना नगरच्या स्टँडवर तिला पाथर्डीच्या गाडीत बसवून द्यायचं. फक्त देव बघितल्यावर ते खरं झालं. दिशाला मात्र अजून कुणीच सांगितलं नव्हतं. करणला वाटे मामी सांगतील, मामीला वाटे बाप सांगेल.

“त्यांनी तरी कुठं बगितलाय असला पाऊस?” रतनबाई म्हणाली. “म्हनलं, चला.”

दिशाला ते पटलं. तिनं टाक खिडकीत ओळीनं मांडले, तोंडं पावसाकडं करून.

वेणी झाली, न्याहारी झाली आणि पाऊस जरा दमला तसं पुष्पावती त्यांना रानात घेऊन निघाली. ती भाजीसाठी भारंगीची पानं खुडायला निघालीच होती. पाहुणे मागून आले तर येऊ देत, असा तिचा हिशेब. अंगानं आटोपशीर, जिभेनं सैल अशी बाई.

रतनबाईनं डोंगर पाहिले नव्हते असं नाही. तिच्या घरामागंच डोंगर होता. पण तो उन्हात वाळत घातल्यासारखा, बाभळी आणि निवडुंगाचा. चढलं की पायाखाली दगड वाजायचे. इथं पाऊलच वाजत नव्हतं. झाडावर झाड चढलं होतं, त्याच्या खांद्यावर नेचा, नेच्याखाली शेवाळ, शेवाळात इवलं पांढरं फूल. जांभळाच्या बुंध्यांना हिरवी लव आलेली. वरून पाऊस थांबला तरी झाडं आपली पडतच होती, थेंब थेंब. पायवाटेवरून ओढा चालला होता आणि माणसांनी त्याच्या कडेनं, त्याची वाट न अडवता जायचं होतं. धुकं खाली उतरलं की पुढं चाललेली दिशा दिसेनाशी व्हायची, मग तिच्या वेणीची लाल रिबन आधी उगवायची.

रतनबाईनं एका बुंध्यावरचं शेवाळ मुठीत दाबलं. कोपरापर्यंत पाण्याचा ओघळ आला.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हितं झाडंसुदीक पदर पिळत्यात.”

तिला अचानक फार बरं वाटलं. एवढं पाणी जगात आहे, ते कुणी मोजत नाही, त्यासाठी कुणी भांडत नाही, आणि मरायच्या आधी आपल्याला ते दाखवावं असं एका माणसाला वाटलं. त्या माणसाशी आपलं रक्ताचं नातंही नाही. हात जोडावेत तर कुठं जोडावेत कळेना, म्हणून तिनं त्या जांभळालाच जोडले.

“शेकरू! शेकरू!” पुढून दिशा ओरडली. वर फांदीवरून तांबूस झुबकेदार शेपूट सळसळत गेली. पंकजा आणि पुष्पावती धावल्या. करण मात्र मागं राहिला, रतनबाईच्या पायाशी पाय टाकत.

“मामी,” तो म्हणाला, “एक बोलायचं होतं.”

“बोला की.”

“मी तुम्हाला अडवणार नाही. पाच वर्षं म्हणजे थोडं नाही झालं. तुमचंही घर आहे. तुमची माणसं आहेत तिकडं.”

माणसं म्हणजे दीर कानिफनाथ. त्यानं तिच्या घरात कडबा भरून ठेवला होता आणि दाराला स्वतःचं कुलूप लावलं होतं. पण हे सांगायची ही वेळ नव्हती. शहाण्या बाईनं दार दाखवलेल्या घरात कुलपाच्या गोष्टी करू नयेत.

“व्हय,” रतनबाई म्हणाली. “हायेत की.”

“तुम्ही नसतात तर मी...” करणचा आवाज कुठंतरी घसरला. “म्हणजे दिशाला... तेव्हा तुम्ही जर...”

असली वाक्यं पुरी होत नसतात. ती पुरी झाली की दोघांनाही रडावं लागतं आणि जंगलात सासू-जावयानं रडत उभं राहणं बरं दिसत नाही.

“जावईबापू, पायाला जळू लागलीय तुमच्या,” रतनबाई म्हणाली.

लागली होती खरोखरच, घोट्याच्या वर. करण बेडकासारखा उडाला. पुष्पावती मागं वळून आली आणि तिनं कनवटीची मिठाची पुडी सोडली. “रगत चांगलं दिसतंय पावन्याचं. मोठी झाली बगा पिऊन.” यावर सगळे हसले आणि बोलणं तिथंच राहिलं.

संध्याकाळी पुन्हा पाऊस लागला. चुलीशी पुष्पावती नागलीच्या भाकरी थापत होती आणि रतनबाई, नुसतं बसवत नाही म्हणून, भारंगी निवडत होती.

“आज्जी, एक इचारू का?” पुष्पावती म्हणाली. “हितं पुन्या-मुंबयची मानसं येत्यात. मोबाइल लागत न्हाई म्हनून आदी भांडत्यात. मंग हळूहळू बोलाया लागत्यात. तुमी मातर आल्यापासनं यकमेकाशी नुस्तं ग्वाड बोलताय.”

“मंग वाईट हाय का ते?”

“वाईट न्हाई. पर आमच्यात येवढं ग्वाड मयतीला बोलत्यात.”

रतनबाईनं भारंगीचं एक चांगलं पान देठासकट टाकून दिलं. “तुजी भाकर करपली,” ती म्हणाली आणि बाहेर आली.

बाहेर पागोळ्या लागल्या होत्या. गवताच्या छपराच्या कडेनं पाण्याच्या सरळ दोऱ्या सोडलेल्या, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत. पाणी पडत होतं, चर भरत होता, ओढ्याला जात होतं आणि ओढा जायचा तिकडं जात होता. रतनबाई बघत उभी राहिली. आपल्याला काय त्याचं, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. जेवणं होऊन सगळे आपापल्या खोलीत गेले, तरी तिला राहवेना. तिनं न्हाणीतली बादली आणून पागोळीखाली ठेवली. बादली बघता बघता भरली. मग तांब्या. मग पुष्पावतीच्या ओट्याखालची कळशी, पातेलं, परात. भांडं भरल्याचा तो शेवटचा बदललेला आवाज, टण्‌वरून गुप्‌कन होणारा, तो ऐकला की तिच्या पोटात थंड वाटायचं. गावाकडं टँकर येऊन गेल्यावर रात्री अंथरुणावर पडून ती भरलेल्या भांड्यांची नावं घ्यायची, लोक देवाची घेतात तशी. आज तिनं भांडी संपेपर्यंत मांडली आणि झोपायला गेली. दिशानं सवयीनं पदराचं टोक धरलं.

सकाळी पुष्पावतीच्या आरोळीनंच सगळे उठले.

“आवं आज्जी! ह्ये काय मांडलंय? माझा तवा तेवढा सोडला!”

चारही झोपड्यांच्या कडेनं भांड्यांची रांग लागली होती, काठोकाठ. बादल्या, घमेली, परात, पातेली, चहाचे कप, दिशाचा डबा, आणि सगळ्यात शेवटी पाहुण्यांसाठी ठेवलेले रबरी बूट, तेही गळ्यापर्यंत भरलेले. पुष्पावती आधी वैतागली, मग बूट पाहिले आणि मटकन खाली बसून हसायला लागली.

“वाया चाललं हुतं,” रतनबाई ओशाळून म्हणाली. आपण कुठं आहोत हे सकाळच्या उजेडात तिला कळलं होतं.

“वाया? आज्जी, हितं दसऱ्यापातुर ह्येच चालतंय. वता आता ते. मला भाताला पातेलं पायजे.”

“वतू?”

हा शब्द रतनबाईच्या तोंडून असा आला की पुष्पावतीचं हसू थांबलं. चांगलं, स्वच्छ, भरलेलं पाणी ओतून द्यायचं ही गोष्ट या बाईनं जन्मात केली नव्हती. ती पातेल्याचे कान धरून वाकली आणि तशीच राहिली. 

पंकजा दारात उभी होती. केस अजून तसेच, सुंभासारखे. रतनबाईनं तिच्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं आणि पाठ सरळ केली.

“वतायचंच असंल तर डोक्यावर वतू. तुला न्हायचं हुतं ना?”

पंकजाचा चेहरा उतरला. “तुम्ही ऐकलंत?”

“भितच चहाडखोर हाय,” रतनबाई म्हणाली. “त्याला मी काय करू?”

पंकजानं जीभ चावली आणि मग तिला हसूच फुटलं, लहान पोरीसारखं.

पुष्पावतीनं चुलीवर हंडा चढवला आणि रानातल्या शिकेकाईच्या शेंगा उकळून दिल्या. पडवीत पाट मांडला. पंकजा मान खाली घालून बसली. रतनबाईनं पहिला तांब्या ओतला तो सवयीनं, बेतानं, दोऱ्यासारखी धार धरून. मग तिनं मागं पाहिलं. रांग तशीच होती. दुसरा तांब्या तिनं सरळ उपडा केला. तिसराही. मग तांब्या बाजूला ठेवून तिनं कळशीच उचलली.

“अहो, थंड आहे ते!”

“गप बस. गोदावरीची ना तू?”

शिकेकाई चोळताना तिची बोटं आपोआप चालायला लागली. कानामागं, मानेच्या खळीत, कपाळाच्या कडेनं. हातांना आठवत होतं. माहेरी आलेल्या लेकीला आई न्हाऊ घालते. कितीतरी दिवसांत या हातांना ते काम मिळालं नव्हतं. पंकजाची मान हळूहळू सैल पडली आणि डोक्याचा सगळा भार रतनबाईच्या तळव्यात आला. विश्वासानं ठेवलेलं डोकं किती जड असतं, हे ती विसरली होती. रतनबाईला वाटलं, देवा, निघायच्या दिवशी एवढं दिलंस, पुरे झालं.

“आरतीताईंचे केस लांब होते ना?” पंकजानं विचारलं. डोळे मिटलेलेच.

ते नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं होतं. रोज फोटो पुसायची, पण नाव नाही. रतनबाईचे हात थांबले नाहीत.

“लांब न्हवते, दाट हुते. न्हाताना लई वरडायची. सारी आळी गोळा व्हायची, वाटायचं हिला मारत्यात.”

पंकजा हसली. शिकेकाईचं पाणी तिच्या तोंडात गेलं, ते तिनं थुंकलं. मग हातानं ओठ पुसत तिनं विचारलं,

“तुम्हाला खरंच गावाची ओढ लागलीय का हो?” 

रतनबाई बादलीकडं वळली. बादली जवळच होती, तरी तिला ती लवकर सापडेना.

“हे म्हणतात, त्यांना ओढ लागलीय, आपण स्वार्थ बघायचा नाही,” पंकजा मान खाली घालूनच बोलत होती, शब्द सरळ फरशीवर पडत होते. “मी त्या दिवशी आमटी वाढत होते ना, तेव्हाच तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, मी आत्ता कालची आलेली. मी ‘राहा’ म्हटलं तर तुम्हाला वाटायचं, हिला घरात राबायला आयतं माणूस पाहिजे. म्हणून आमटीच वाढली.”

रतनबाईनं बादली उचलली. ती फार भरली होती. थोडी तिच्याच पायावर सांडली.

तेवढ्यात करण सामान घेऊन बाहेर आला. एका हातात रतनबाईची बॅग, दुसऱ्या हातात फडक्याचं गाठोडं. खिडकीतले देव त्यानं स्वतः उचलून, नीट बांधून आणले होते. मागं दिशा, तिचा पाणी भरलेला डबा सांभाळत. समोरचं दृश्य पाहून तो जरा थबकला, पण निघायची घाई होती.

“मामी, तुमची बॅग वरच ठेवतो डिकीत. स्टँडवर पटकन काढता येईल.”

“स्टँडवर?” दिशानं विचारलं. “स्टँडवर कशाला?”

करणनं पंकजाकडं पाहिलं. पंकजाचे डोळे शिकेकाईनं मिटलेले, ओल्या केसांचा पडदा तोंडावर. पुष्पावती चुलीपाशी उभी राहून लाकूड आत सारायचं विसरली. सगळे आपापल्या जागी इतके सोज्वळ, इतके गोड उभे होते की रतनबाईला पुष्पावतीचं बोलणं आठवलं. मयतीला बोलतात तसं.

“आज्जे, स्टँडवर कशाला?”

रतनबाईच्या डोळ्यांसमोर तिची आई आली. रिकामा तांब्या हातात धरून लेकीच्या उंबऱ्यावरून उठणारी. मागं वळून न बघणारी. केवढा मान राखायची म्हातारी आणि गावाच्या वेशीपर्यंत एकटीच रडत जायची.

तिनं बादली पंकजाच्या डोक्यावर उपडी केली, सगळी, शेवटच्या थेंबापर्यंत. मग रिकामी बादली खाली ठेवली आणि ओल्या हातानं पदर सावरला.

“जावईबापू, ती बॅग खाली ठिवा,” ती म्हणाली. “मला न्हाई जायचं. मला तुमच्यातच ऱ्हायचंय.”